विमान तयार, इंजिन वाटेवर

विमान बांधून तयार आहे, इंजिन आलं की देतो. २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए या आपल्या लढाऊ विमानाबद्दल ते बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीनं जे सांगितलं त्याचा मथितार्थ एवढाच होता. बातमी जुनी झाली, पण मनातून जात नाही. आज कुणीतरी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातल्या तेजसचा फोटो परत पाठवला आणि परत तीच चुटपुट. सांगाडा आपला, पंख आपले. उड्डाण-नियंत्रण प्रणालीचं काम तर १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेनं दार लावून घेतल्यावर आपल्या लोकांनी हट्टानं तडीस नेलं. आणि एवढं करून पोटातल्या त्या एका वस्तूसाठी ताटकळायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) ४२, तेव्हा हातात उरल्या २९. त्यावर लिहायला बसले तर आज झोप लागणार नाही, म्हणून सोडून देते.

राग इंजिन पुरवणाऱ्या जीई या अमेरिकी कंपनीवर काढणं सोपं आहे. पण तारखा शेजारीशेजारी मांडल्या की तो राग तिथे टिकत नाही. तेजसच्या एफ४०४-आयएन२० या इंजिनाचे ६५ नग आपण घेतले, त्यातलं शेवटचं २०१६ मध्ये आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ८३ तेजस मार्क-१ए विमानांना संरक्षण खरेदी परिषदेची मंजुरी मिळाली. करारावर सह्या मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये झाल्या, आणि ९९ इंजिनांची ऑर्डर त्या ऑगस्टमध्ये गेली. मधली वर्षं फाइल फिरत होती. इंजिनाचं हे रूप फक्त तेजससाठी बनतं. आपली ऑर्डर नाही म्हणजे तिकडे लाइन बंद. अशी लाइन एकदा थांबली की बटण दाबून सुरू होत नाही: पुरवठादार दुसऱ्या कामाला लागलेले असतात, सुट्या भागांचा पहिला नग पुन्हा तपासून पास करावा लागतो, एक ओतीव भाग अडला की अख्खं इंजिन अडतं. नव्या ऑर्डरमधलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आलं. वाट बघणं तेव्हा सुरू झालं नव्हतं, ते २०१६ मध्येच सुरू झालं होतं.

मग वाटतं, आपल्याच वाट्याला हे का? तेजससाठीचं आपलं स्वतःचं इंजिन, कावेरी, १९८९ मध्ये मंजूर झालं, ३८२.८१ कोटींत. आफ्टरबर्नरसह (मागे जादा इंधन जाळून) ८१ किलोन्यूटन रेटा हवा होता, तो आला नाही. वजन मात्र ठरल्यापेक्षा जास्त भरलं. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं काढलं. लोक ते बनवणाऱ्या बंगळूरच्या जीटीआरई या सरकारी प्रयोगशाळेला नावं ठेवतात. ठेवणाऱ्यांनी टर्बाइनचं एक पातं कसं होतं ते एकदा समजून घ्यावं.

जळून निघालेला वायू १४०० अंशांच्या वर, आणि पात्याचा निकेल-मिश्रधातू साधारण १३५० च्या आसपास वितळतो. तरी ते टिकवायचं. म्हणून पातं आतून पोकळ ठेवून त्यातून हवा खेळवतात. आधी सिरॅमिकचा गाभा, त्याभोवती मेणाचं पातं, मग ते सिरॅमिकच्या पातळ राड्यात बुडवून, वर रेती मारून, वाळवून थरावर थर. वाफेच्या दाबानं मेण काढायचं, कवच भाजायचं, निर्वात भट्टीत धातू ओतायचा. आणि मग साचा उष्ण भागातून थंड भागात मिनिटाला जेमतेम काही मिलीमीटर या गतीनं खाली सरकवायचा. तळाशी डुकराच्या शेपटीसारखी पिळाची नळी असते. तिच्यातून स्फटिकाचा एकच कण वर जातो आणि अख्खं पातं त्या एका कणाचं वाढतं. गती चुकली की भलताच कण उगवतो. गाभा केसभर सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते आणि पातं तिथेच फाटतं. नंतर गाभा अल्कलीत विरघळवायचा, उष्णोपचार, हवेची बारीक छिद्रं, वर झिरकोनियाचा लेप. नापास पात्यांचे ढीग लागतात, आणि कोणतं का नापास झालं याच्या नोंदी हीच खरी मिळकत असते. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण-धातू प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० एकस्फटिकी पाती एचएएलला दिली, म्हणजे हात बसतो आहे. पण भट्टी अधूनमधून पेटवून हात बसत नाही.

तंत्रज्ञान-हस्तांतरणावर म्हणूनच माझा फार भरवसा नाही. ओडिशातल्या कोरापुटला एचएएलनं परदेशी परवान्यावर इंजिनं बनवायला लागून साठ वर्षं होत आली. सुखोईची इंजिनंही तिथेच होतात. काम उत्तम होतं. पण नकाशात माप मिळतं, ते माप तेवढंच का, हे मिळत नाही. ते स्वतःची इंजिनं फोडून, जाळूनच कळतं. आणि जाळायला पैसा देताना आपला हात आखडतो. मरुत या आपल्या पहिल्या लढाऊ जेटच्या वेळीही हेच झालं. १९६१ मध्ये जर्मन अभियंता कुर्ट टँकचं ते देखणं विमान उडालं, ज्या ताकदवान ऑर्फियस या ब्रिटिश इंजिनाच्या भरवशावर ते आखलं होतं त्याच्या विकासाचा खर्च आपण उचलला नाही, आणि विमान आयुष्यभर कमी ताकदीच्या इंजिनावर उडत राहिलं.

हे एवढं लिहिल्यावर रडगाणं जरा ओसरलं. चीननंसुद्धा आपलं जे-१० लढाऊ विमान वर्षानुवर्षं रशियन इंजिनावर उडवलं, मग स्वतःचं बसवलं. उसन्या इंजिनावर उडण्यात कमीपणा नाही. त्या काळात आपली भट्टी विझू देण्यात आहे. आणि काही गोष्टी सुधारल्याही. ९७ तेजसचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये झाला आणि ११३ इंजिनांची ऑर्डर नोव्हेंबरात गेली. दोन महिने! मागच्या वेळेची पोकळी आठवली की हे मला मोठंच वाटतं. ओझरची लाइन वर्षाला आठ विमानं देऊ शकते, तर इंजिनंही त्याच तालात यायला हवीत.

आता एएमसीए या पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी साफ्रान या फ्रेंच कंपनीबरोबर १२० किलोन्यूटनचं इंजिन करायचं ठरतंय. त्यात शंभर टक्के हस्तांतरण लिहिलंय का, यापेक्षा मला वेगळंच बघायचंय. पात्यांचं ओतकाम पहिल्या नगापासून इथे होणार का? नापास झालेल्या पात्यांच्या नोंदी जीटीआरईच्या माणसांना मिळणार का? कावेरी रशियात नेऊन आयएल-७६ या मालवाहू विमानाला लावून तपासावं लागलं, तर आपलं स्वतःचं उडतं चाचणी-विमान आणि उंचीवरच्या हवेची चाचणीशाळा यांना या अर्थसंकल्पात पैसा आहे का? आणि चालकरहित विमानासाठी आफ्टरबर्नर नसलेल्या कावेरीवर जे काम चालू आहे, त्याचा निधी परदेशी करार झाला म्हणून कापू नये. एवढं झालं तर पुढची वाट मी बिनतक्रार बघीन.