माझा अनुभव : कवटी, पेला आणि रकान्यांचा फॉर्म

स्थिरचित्राची, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राची, पेन्सिलीत नक्कल करायची आणि त्याचा अर्थ लिहून द्यायचा, असं आमच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं काम होतं. मी हार्लेमच्या पीटर क्लास या डच चित्रकाराचं १६२८ सालचं चित्र निवडलं. कवटी, लेखणी, आडवा पडलेला काचेचा पेला, विझलेला दिवा, पुस्तक, कागद. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, जेमतेम २४ बाय ३६ सेंटिमीटरचं. त्याचे रंग मोजकेच, तपकिरी-करडे, म्हणून ते पेन्सिलीत छान उतरतं. चित्र, वाचन, लेखन सगळं बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी बसून सुरळीत झालं.

अडलं ते फॉर्मवर. त्यात एक तक्ता होता : एका बाजूला ‘वस्तू’, समोर ‘प्रतीकार्थ’. कवटी म्हणजे मृत्यू, दिवा म्हणजे आयुष्य, हे भरलं. पेल्यासमोर मी ‘जोडलेलं पान पाहावे’ असं लिहिलं. फॉर्म परत आला.

“ताई, पेल्याचा ठरलेला असा अर्थ नाहीये,” मी खिडकीवर सांगितलं.

“मग दोन लिहा. पण रकाना भरा.”

आजही ते आठवलं की चीड येते. क्लासच्याच काळात, त्याच हार्लेममध्ये विलेम हेडा न्याहारीची टेबलं रंगवत होता. त्यांतही भांडं आडवं पडलेलं असतं, शेजारी अर्धवट सोललेलं लिंबू. तिथे आधी दिसतं ते इतकंच की कोणीतरी आत्ताच जेवून उठलंय. क्लासच्या चित्रात मात्र कवटी पुस्तक-कागदांवर चढवून ठेवली आहे आणि रिकामा पेला तिच्या सोबतीला आहे. ‘सगळं व्यर्थ’ या बायबलमधल्या वचनाचा अर्थ तिथे पेल्याला चिकटतो तो या शेजारामुळे. वस्तू तीच, मांडणी बदलली की रूपक बदलतं. हे दोन शब्दांच्या चौकटीत कसं कोंबायचं?

तरी मी हटलो नाही. सरांना भेटलो, हेडाच्या एका चित्राची प्रिंट शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि जोडपानावर सही केली. रकान्यात मी लिहिलं : ‘कवटीशेजारी – व्यर्थता, न्याहारीच्या टेबलावर – उरकलेलं जेवण.’ फॉर्म घेतला गेला. त्या दिवशी रावपुऱ्यातून घरी चालत आलो, इतका आनंद झाला होता.

तुम्हाला असं काम करायचं असेल तर प्रतीकांची यादी आधी उघडू नका. डोळे बारीक करून चित्र पाहा. सर्वांत उजळ काय, सर्वांत उंच काय, टेबलाच्या कडेला काय आहे, ते टिपा. उजेड कुठून येतो तेही. मग यादी. आणि जोडपान आधीच सरांना दाखवून सही घ्या, खिडकीवर वाद घालत बसू नका.

एक सांगायचं राहिलं : मोबाइलवर पाहून नक्कल करू नका, मूळ मापाची प्रिंट काढा. इतक्या लहान चित्रात वस्तू किती खेटून बसवल्यात ते मोठं करून पाहताना हरवतं. नजर बसवायची असेल तर कमाटीबागेतल्या बडोदा म्युझियमच्या चित्रदालनात युरोपियन चित्रं आहेत; तिथे वही घेऊन जा आणि एकाच चित्रासमोर थांबा.