ट्रेल कॅमेरे, शरद ऋतूचा अहवाल: अस्वले शिकाऱ्यांमुळे रात्री फिरतात की एकॉर्नमुळे (ओकच्या फळांमुळे)?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या ससेक्स कौंटीत दोन जागी लावलेल्या, हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची मेमरी कार्डे तपासून झाली आणि अखेर एक धागा हाती लागला. शिकारीला मुभा असलेल्या जंगलात ऑक्टोबरचा हंगाम सुरू होताच काळी अस्वले बहुतांशी सूर्यास्तानंतरच दिसू लागली. शिकाऱ्यांना मज्जाव असलेल्या जमिनीवर मात्र छातीवर पांढरा ठिपका असलेली आपली मादी भर दुपारी पिल्लांसह चरते आहे. एक पिल्लू पुढच्या पंजाने पाला उलटून एकेक एकॉर्न टिपते, ती चित्रमालिका फारच सुरेख आली आहे.

तरीही हा बदल शिकारीच्या दाबामुळेच झाला, असे म्हणण्याच्या आड एकॉर्न येतात. शरदात अस्वल दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकते. पांढऱ्या ओकच्या फळांत तुरटपणा आणणारे टॅनिन कमी असल्याने ती आधी फस्त होतात, आणि मग अस्वल लाल ओक शोधत दुसऱ्या डोंगरधारेकडे वळते. ते तिकडे गेले काय किंवा भीतीने झाडीत दडले काय, दिवसाचे कार्ड सारखेच रिकामे येते. मात्र खाद्य संपले असते, तर रात्रीच्या भेटीही घटल्या असत्या. त्या घटलेल्या नाहीत, म्हणून माझा कौल भीतीकडे झुकतो. दिवस लहान होत जातात आणि नोव्हेंबरात घड्याळही मागे जाते, त्यामुळे सर्व वेळा सूर्यास्तापासून मोजल्या आहेत.

कोडे वेगळेच आहे. या सहा दिवसांच्या हंगामात पहिले तीन दिवस केवळ धनुष्यबाण चालतात आणि ठासणीच्या बंदुका नंतर येतात, पण बदल पहिल्या दिवसांतच दिसतो. म्हणजे बंदुकीच्या आवाजापेक्षा माणसाचा वास आणि वावर महत्त्वाचा असावा. शिवाय हरणांसाठीचे धनुर्धारी सप्टेंबरपासूनच जंगलात असतात. त्यामुळे हंगामाच्या तारखा हे दाबाचे माप म्हणून कच्चे ठरते. हे लिहितानाच सुचले की एक कॅमेरा पायवाटेच्या तोंडाशी लावून माणसेच मोजावीत; ओकखालचा तिसरा कॅमेरा त्यासाठी हलवतो.

त्या जागी ९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) फ्लॅशचाच कॅमेरा हवा, कारण ८५० चा लालसर उजेड माणसांच्या नजरेत भरतो. अस्वलांच्या दातांसाठी पोलादी पेटी आणि थंडीसाठी लिथियम सेल यांना मला पर्याय दिसत नाही.

डिसेंबरच्या बंदुकीच्या हंगामात माद्यांची तुलना करणार नाही. गाभण माद्या तोवर गुहेत शिरू लागलेल्या असतात, आणि त्यांचे न दिसणे शिकारीच्या खात्यावर मांडता येणार नाही.