प्रदर्शन संपलं, आता पिशव्या रिकाम्या करा

नागपुरात ॲग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन २००९ पासून भरतंय. आधी रेशीमबागेत भरायचं, अलीकडे दाभ्याला पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या मैदानावर. अलीकडची वर्षं पाहिली तर तारखा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपासच्या. म्हणजे मंडप उतरतो तेव्हा हरभरा पेरून झालेला असतो, गहू अर्धाअधिक राहिलेला असतो आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहाराचा) ताण, म्हणजे फुलांसाठी पाणी तोडणं, तोंडावर आलेला असतो. त्यामुळे आणलेल्या सामानातलं काय आज उघडायचं आणि कशाला महिनाभर हातही लावायचा नाही, हे त्याच आठवड्यात ठरवावं लागतं.

सगळ्यात आधी बियाण्याला चोळायची जैविक संवर्धकं बाहेर काढा. रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) हे जिवाणू, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, म्हणजे ही जिवंत वस्तू आहे. पाकिटं गाडीच्या डिकीत किंवा टिनाच्या शेडमध्ये चार दिवस तापली की आतला जीव मरतो, पावडर मात्र जशीच्या तशी दिसते. मग "कल्चर वापरून काही फरक पडत नाही" असा बोभाटा होतो. पाकिटावरची अंतिम तारीख बघा, सावलीत थंड जागी ठेवा. रायझोबियम आणि पीएसबीचं प्रमाण १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी संवर्धक असाच ठेवायचा. उलटा केला तर संवर्धकाचे पैसे पाण्यात.

गव्हाचं बियाणं आणलं असेल तर पिशवीचा टॅग बघा: पायाभूत पांढरा, प्रमाणित निळा, सत्यप्रत हिरवा. टॅगच नसेल तर ते धान्य समजा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. ८५ च्या खाली उगवले तर कंपनीला विचारा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचं असेल तर उशिराचं वाण हवं, वेळेवर पेरायचं वाण स्वस्तात मिळालं म्हणून चालत नाही. उशिरा फुटवे कमी येतात, म्हणून हेक्टरी १०० ते १२५ किलोऐवजी १२५ ते १५० किलो बी लागतं आणि ओळी १८ सेंटिमीटरवर घ्याव्या लागतात.

आता संत्र्याच्या कलमा. इथे घाई सगळ्यात महागात पडते, कारण चूक कळते ती पाच-सहा वर्षांनी.

प्रदर्शनात कलम हिरवीगार दिसते, भाव बरा वाटतो, आणि लोक दहा-वीस उचलतात. लागवडीचा हंगाम पावसाळ्याचा, त्यामुळे आत्ता आणलेली कलम सावलीत पाणी देऊन जपावी लागते. तेवढा वेळ आहे तर एक पिशवी फाडून मुळं बघा. तंतुमुळं पांढरट-पिवळसर आणि कडक हवीत. मूळ बोटांच्या चिमटीत धरून ओढलं आणि वरची साल सुटून आतला दोराच हातात राहिला, तर फायटोफ्थोरा आहे, म्हणजेच पुढचा डिंक्या, खोडातून डिंक गळणारा रोग. पिशवीच्या मातीतून ही बुरशी तुमच्या वावरात येते आणि मग निघत नाही. अशी एक जरी निघाली तर तो सगळा लॉट वावराच्या बाहेर ठेवा.

दुसरं, खुंटावर (खालच्या मुळाच्या रोपावर) संत्र्याचा डोळा किती उंचीवर बांधलाय ते मोजा. वीतभर तरी हवा, २५ ते ३० सेंटिमीटर असेल तर उत्तम. पन्हेरीवाला (रोपवाटिकावाला) घाईत चार बोटांवर डोळा बांधतो, लावताना माती जोडापर्यंत येते, आणि पहिल्याच पावसाळ्यात ओल जोडाला भिडते. खुंट कोणता तेही विचारा. जंबेरीवरची झाडं जोमदार वाढतात, पण डिंक्याला लवकर बळी पडतात. रंगपूर लाइम त्या मानाने टिकाव धरतो. कलम बघून खुंट ओळखता येत नाही, बिलावर लिहून घेतलेलाच खरा.

खड्डे खणण्याआधी माती तपासायची, आणि तीसुद्धा वरवरची नाही. गहू-हरभऱ्याला वरचा १५ ते २० सेंटिमीटरचा थर पुरतो. बगीच्यासाठी ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळे घ्यायचे. कारण विदर्भातल्या कित्येक वावरांत वर काळी कसदार माती आणि दोन-अडीच फुटांखाली चुनखडी असते. झाड चार वर्षं छान वाढतं, मुळं खाली पोचली की नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मालक खतं बदलत बसतो, दोष खालच्या थरात असतो. मुक्त चुन्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असेल तर तिथे संत्रा लावूच नये, दुसरा तुकडा बघावा. नमुना बांधाजवळून, उकिरड्याजवळून, झाडाखालून घेऊ नका. आठ-दहा जागांची माती मिसळून, सावलीत वाळवून, अर्धा किलो कापडी पिशवीत द्या. रासायनिक खताच्या रिकाम्या पोत्यात भरली तर अहवालाला अर्थ नाही.

बगीचा आधीपासून उभा आहे त्यांच्यासाठी धोका वेगळा, टॉनिकच्या बाटल्यांचा. स्टॉलवर फुलोरा वाढवायचं म्हणून दिलेली बाटली घरी आल्या आल्या फवारली जाते. डिसेंबरात पाणी तोडून झाड ताणावर आणायचं असतं. त्याच वेळी नत्र किंवा वाढीला चालना देणारं काही दिलं, तर जानेवारीत फुलांऐवजी नवती (नवी पालवी) फुटते आणि आंबिया हुकतो. भारी जमिनीत ताण आधीच उशिरा बसतो, तिथे तर ही बाटली फेब्रुवारीपर्यंत कपाटातच बरी. झाडावर मृगाची (पावसाळ्यात धरलेल्या बहाराची) फळं असतील तर ताणाचा प्रश्नच नाही. त्या झाडांचं पाणी तोडलं तर फळं गळतील.

यंत्राची गोष्ट सरळ आहे, पण तिथेच लोक फसतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदान हवं असेल तर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. प्रदर्शनात "आजच बुक करा, सूट आहे" म्हणून बिल फाडून घेतलं आणि त्यावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली, की फाइल अडकते. सूट गेली तरी चालेल, अनुदान त्याहून कितीतरी जास्त असतं. फार्मर आयडी तयार ठेवा, यंत्राचा चाचणी अहवाल मागा, जीएसटीचं बिल घ्या आणि पैसे स्वतःच्या खात्यातून द्या. रोटाव्हेटर घेताना ट्रॅक्टर बघून घ्या: पाच फुटाला साधारण ३५ ते ४० एचपी, सहा फुटाला ४५ ते ५०. आणि काळ्या ओल्या जमिनीत तो दरवर्षी फिरवू नका. वरचा थर पिठासारखा होतो, खाली घट्ट पापुद्रा तयार होतो, पुढच्या पावसात पाणी तिथेच तुंबतं, आणि तूर उभी वाळते.

जनावरं ज्यांनी प्रदर्शनाला नेली होती, मग ती गवळाऊ गाय असो की नागपुरी म्हैस, त्यांनी परतल्यावर ती दोन-तीन आठवडे बाकीच्या गोठ्यापासून वेगळी बांधावी. चारा-पाण्याची भांडी वेगळी, आणि त्यांचं काम शेवटी करायचं. लाळ्या खुरकूत मैदानातून घरी यायला एकच टमरेल पुरतं. तोंडातून लाळ, खुरात जखम किंवा अंगावर गाठी दिसल्या तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

उरलेली पत्रकं चाळताना एवढंच बघा की वाणाची शिफारस विदर्भासाठी आहे का. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायतीचा उत्पन्नाचा आकडा आपल्या कोरडवाहू वावरात येत नाही, आणि पत्रकात ते बारीक अक्षरातही लिहिलेलं नसतं.