मॉनिटर, १:७२ : टरेट उभं राहिलं

मंडळी, अमेरिकन यादवी युद्धातल्या उत्तरेच्या मॉनिटर या लोखंडी युद्धनौकेचं मॉडेल करतोय, त्याच्या टरेटची, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजाची, भिंत पुरी झाली. मूळ जहाजावर ती एकेक इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यांचे आठ थर देऊन बांधली होती. आतला व्यास २० फूट, उंची ९ फूट. आपल्या स्केलला एक थर ०.३५ मिमीचा येतो. बाहेरून दिसणार शेवटचाच, तरी मी आठही दिले. तोफांच्या खिडक्यांच्या कडेला ही जाडी उघडी पडते आणि जहाजाचा रचनाकार एरिक्सन याच्या डोक्याची झेप तिथेच कळते.

टरेट फिरतं ठेवलंय. खऱ्या जहाजात ते आधी पाचरीने मधल्या खांबावर उचलावं लागे, मग वाफेच्या इंजिनाने फिरे. एकदा फिरायला लागलं की हवं तिथे थांबवणं महाकठीण. म्हणून ९ मार्च १८६२ ला हॅम्प्टन रोड्सच्या लढाईत मॉनिटरवरचा अधिकारी ग्रीन याने टरेट फिरत असतानाच, शत्रूची लोखंडी नौका व्हर्जिनिया समोर आली की बार काढले. दिशा कळावी म्हणून खालच्या डेकवर केलेल्या पांढऱ्या खुणाही लढाईच्या सुरुवातीलाच पुसल्या गेल्या. आत कोंडलेल्या त्या माणसांना डावं-उजवंही कळत नव्हतं! एवढं वाचल्यावर टरेट चिकटवून टाकायला माझा हात धजेना.

आता पायलटहाउस, म्हणजे डेकवरची सुकाणूची खोली. आपण सगळे छायाचित्रकार गिब्सनच्या जुलै १८६२ च्या फोटोंवर विसंबतो, पण त्यात दिसणाऱ्या उतरत्या बाजू लढाईनंतरच्या आहेत. त्या दिवशी ते लोखंडी तुळयांचं, सरळ भिंतींचं होतं. व्हर्जिनियाचा गोळा त्याच्या आतून बघायच्या फटीवर फुटला आणि कॅप्टन वर्डनच्या डोळ्यांना इजा झाली. बाजू उतरत्या केल्या त्या त्यानंतर. माझं मॉडेल त्या गोळ्याच्या थोडं आधीचं आहे. त्यामुळे भिंती सरळ, लढाईसाठी धुराडी उतरवलेली, डेक सपाट, आणि टरेटवर काही पोचे पडलेले.

पोच्यांसाठी बाहेरचा थर सॉल्व्हंटने मऊ करून ३ मिमीच्या गोल टोकाने दाबला; व्हर्जिनियाच्या ९ इंची गोळ्याचं माप जवळपास तेवढंच येतं. आधार म्हणून २००२ मध्ये केप हॅटरसजवळच्या समुद्रतळावरून वर काढलेल्या मूळ टरेटचे फोटो घेतले. त्याच्या आत दोन खलाशांचे सांगाडे सापडले होते. ३१ डिसेंबर १८६२ च्या वादळात मॉनिटरबरोबर सोळा जण गेले, त्यांतले हे दोघे. ते फोटो समोर ठेवून काम करताना हात आपोआप जपून चालतो.

पुढचं काम ११ इंची डालग्रेन तोफांच्या जोडीचं. नळीचं तोंड ३.९ मिमी, पितळेतून लेथवर काढणार. मागच्या फुगीर भागाचा नेमका घाट कुणी मोजमापांनिशी काढला असेल तर जरूर कळवा.