तुम्ही विचारलंत म्हणून: अंडपेशीतील गुणसूत्रे केसाळ का?

वर्गात न्यूटच्या (सॅलॅमँडरच्या कुळातील उभयचर प्राण्याच्या) वाढत्या अंडपेशीचे छायाचित्र दाखवले की एक प्रश्न हमखास येतो: 'गुणसूत्रे तर इंग्रजी एक्ससारखी असतात, मग ही अशी केसाळ का?' प्रश्न रास्त आहे, कारण पाठ्यपुस्तकातला एक्स म्हणजे पेशीविभाजनासाठी घट्ट गुंडाळलेले गुणसूत्र आणि त्या अवस्थेत जनुके जवळजवळ गप्प असतात. केसाळ रूप हे कामात गढलेल्या गुणसूत्राचे आहे.

जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी ही गुणसूत्रे 1882 मध्ये पाहिली. पुढे 1892 मध्ये योहानेस र्‍यूकर्ट यांना शार्कच्या अंडपेशीत ती दिसली, तेव्हा त्यांना दिव्याची काच घासण्याचा ब्रश आठवला आणि 'लॅम्पब्रश' हे नाव रूढ झाले. हे केस म्हणजे गुणसूत्राच्या कण्यातून बाहेर येऊन पुन्हा कण्यातच परतणारे डीएनएचे वळसे होत. कॅलन आणि मॅकग्रेगर यांनी 1958 मध्ये दाखवले की प्रथिने किंवा आरएनए (डीएनएवरून तयार होणारी जनुकाची नक्कल) पचवणाऱ्या विकरांनी वळसे तुटत नाहीत, डीएनए कापणाऱ्या विकराने मात्र त्यांचे तुकडे होतात. आणि तुकडे पडण्याच्या वेगावरून जोसेफ गॉल यांनी 1963 मध्ये ताडले की प्रत्येक वळशात डीएनएची एकच दुहेरी सर्पिल असते. म्हणजे रेणू आपल्या ओळखीचाच. अनोखी आहे ती त्याची मांडणी. वळशाभोवती दिसणारा दाट थर हा तिथेच तयार होत असलेल्या आरएनएचा आणि त्याला चिकटलेल्या प्रथिनांचा असतो.

एवढी लगबग कशासाठी? झेनोपस या आफ्रिकी बेडकाचा गर्भ पहिली बारा विभाजने होऊन सुमारे चार हजार पेशींचा होईपर्यंत जवळजवळ पूर्णपणे आईने भरून ठेवलेल्या शिदोरीवर जगतो. त्या शिदोरीत रायबोसोम, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणारी यंत्रे, लागतात; त्यांच्यासाठी गुणसूत्रांवरची जनुके अपुरी पडतात, म्हणून अंडपेशी त्या जनुकांच्या असंख्य सुट्या, वर्तुळाकार प्रती काढते. 1968 मध्ये ब्राऊन व डाविड यांनी आणि स्वतंत्रपणे गॉल यांनी हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी मिलर आणि बीटी यांनी न्यूटच्या अंडपेशीतील ही जनुके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपली. जनुकाचा धागा हे खोड आणि त्यावर आरंभी आखूड, पुढे लांबत जाणाऱ्या आरएनएच्या फांद्या, असे नाताळच्या झाडांची रांग वाटावे असे ते दृश्य आहे. जनुक 'चालू' असणे म्हणजे काय, हे समजावणारे याहून बोलके छायाचित्र मला ठाऊक नाही.

'आणि आपल्यात?' हा पुढचा प्रश्न. सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत इतकी ठळक लॅम्पब्रश गुणसूत्रे आढळत नाहीत. उंदराचा गर्भ तर दोन पेशींचा असतानाच स्वतःची जनुके जोमाने वापरू लागतो.