मेलबर्नच्या बागेतला कारवीचा मांडव

२०१६ च्या नोव्हेंबरात माझे वडील, नाना, पहिल्यांदा मेलबर्नला आले. त्यांना काय काय दाखवायचं याची मी मोठी यादी केली होती: समुद्र, पेंग्विन, ग्रेट ओशन रोड. सगळं दाखवलंही. पण आज त्यांना विचारलं तर ते एकच सांगतात, "तो बागेतला मांडव."

नानांचा भोरला मांडवाचा धंदा होता. लग्नं, जत्रा, गणपती, सप्ते, निवडणुकीच्या सभा, चाळीस वर्षं त्यांनी सगळ्यांचे मांडव घातले. शाळेला सुट्टी लागली की मीही टेम्पोत बसून जायचे. काथ्या पाण्यात भिजत घालायचा आणि मांडव उतरवला की दोऱ्यांच्या लडी करून ठेवायच्या, ही माझी कामं. पुढे सिव्हिल शिकले, लग्नानंतर इथे आले. आता एका बांधकाम कंपनीत एस्टिमेट काढते. किती वीट, किती सळई, किती माणसं, किती दिवस. मांडवाशी आपला संबंध संपला असंच मी धरून चालले होते.

इथे सेंट किल्डा रोडला लागून क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्स आहे. २०१४ पासून त्या बागेत उन्हाळ्याचा एक पॅव्हिलियन उभा राहू लागला. त्याचं नाव एमपॅव्हिलियन. नेओमी मिलग्रोम या बाईंच्या फाउंडेशनने तो सुरू केला, शहराची आणि राज्य सरकारची साथ घेऊन. दर हंगामाला एका आर्किटेक्टला बोलवायचं, त्याच्याकडून एक मोकळी वास्तू करून घ्यायची, आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथे व्याख्यानं, गाणी, नाच, मुलांच्या कार्यशाळा ठेवायच्या. सगळं फुकट. हंगाम संपला की ती वास्तू उचलून शहरात दुसरीकडे, लोकांच्याच वापरासाठी देऊन टाकायची. पहिली शॉन गॉडसेल यांची होती, ती पुढे हेलेनिक म्युझियमच्या आवारात गेली. २०१६ साली बोलावणं गेलं ते 'स्टुडिओ मुंबई'च्या बिजॉय जैन यांना.

ट्राममधून उतरून फुलांच्या घड्याळाजवळून आम्ही आत गेलो. नाना दहा पावलांवर थांबले आणि वर बघत राहिले. मला वाटलं, दम लागला.

"अगं, ही कारवी आहे."

मी म्हटलं, "नाना, इथे कारवी कुठली?"

"मला कारवी कळत नाही होय?"

छपराला बारीक काठ्यांचे विणलेले पट्टे होते आणि त्यांच्या फटींतून ऊन गाळून खाली येत होतं. मी फोनवर बघितलं. खरंच कारवी, आपल्या सह्याद्रीतलं झुडूप! ते पट्टे भारतात कारागिरांनी चार महिने हाताने विणले होते. मला एकदम वेल्ह्याकडची आजीची स्वयंपाकाची खोली आठवली. तिच्या भिंती कुडाच्या होत्या: कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या, वरून शेणमातीचा हात फिरवायचा. चुलीजवळचा गिलावा दर उन्हाळ्यात पडायचा, मग तिथून पहाटेचा उजेड काठ्याकाठ्यांनी आत यायचा. तोच उजेड मेलबर्नमध्ये डोक्यावर पाहिला आणि मला काही बोलता येईना. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. त्याच २०१६ च्या पावसाळ्यात ती मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात फुलली होती.

नानांनी मग मांडव पावलांनी मोजला. "पंचावन्न बाय पंचावन्न." अधिकृत आकडा १६.८ बाय १६.८ मीटर. म्हणजे पंचावन्न फुटांना जेमतेम दीड इंच जास्त. एका खांबाजवळ जाऊन त्यांनी चष्मा काढला आणि जोडावर अंगठा ठेवला. बांबूत लाकडी खुंटी ठोकलेली, तिच्यावरून दोरीचे वेढे, एकाला एक चिकटून, मध्ये सुईसुद्धा जाणार नाही असे. अंगठा त्यांनी वेढ्यांवरून हळूहळू खाली नेला आणि शेवटचं टोक कुठे खोचलंय ते शोधून काढलं.

"सोडता येईल," ते म्हणाले.

हे ते कौतुकाने म्हणाले, आणि ते कौतुक माझ्याशिवाय तिथे कुणाला कळलं नसतं. नानांकडे दोरी कापायची नाही असा नियम होता. मांडव उतरवताना जो कोयता चालवेल त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जायची. गाठ अशी मारायची की वाऱ्याने सुटू नये आणि माणसाला सोडता यावी. दोरी पुढच्या मांडवाला, बांबू त्याच्या पुढच्या; शेवटी चिरलेला बांबू गावात कुणाच्या तरी वेलाला मांडवी म्हणून. धंदा त्याच्यावरच चालायचा.

आकडे मी धंद्याच्या सवयीने नंतर मांडून बघितले. या मांडवाला ७ किलोमीटर बांबू, ५,००० लाकडी खुंट्या आणि २६ किलोमीटर दोरी लागली. म्हणजे बांबूच्या एका मीटरमागे जवळजवळ पावणेचार मीटर दोरी! माझ्या टेबलावर असं एस्टिमेट आलं असतं तर मी लाल पेनाने खूण केली असती. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. कमी घातली की मांडव बोलतो." मांडव बोलतो म्हणजे वाऱ्यात कुरकुरतो.

खाली ५० टन ब्लूस्टोन. हा इथला व्हिक्टोरियाचाच दगड, लाव्हाचा, म्हणजे आपल्या वाड्यांच्या जोत्याला असतो तसला काळा बेसॉल्ट. छपराच्या मधोमध आभाळाला मोकळी जागा आणि तिच्या खाली सोनेरी विहीर. नाना बराच वेळ तिच्या काठाशी उभे होते. बाहेर वाटेवर बारा मीटर उंच, नक्षीचा एक मनोरा. माहितीत त्याला 'ताजिया' म्हटलं होतं.

"हा तर ताबूत," नाना म्हणाले. आमच्या आळीत मोहरमचा ताबूत बसायचा. त्याचा कामट्यांचा सांगाडा आमच्याच गोदामात बांधला जायचा, आमच्याच बांबूचा. कागद आणि बेगड लावायला शेजारची सगळी मुलं, त्यात मीही. दहा दिवसांनी तो नदीवर जायचा.

आम्ही दुपारभर तिथेच बसलो. ऑफिसातली माणसं डबा घेऊन येत होती. एक बाई बाळाला पाजत बसली होती. दोन मुली कसल्यातरी नाचाची तालीम करत होत्या, कुणी त्यांना उठवलं नाही. कार्यक्रम संध्याकाळी होता, तोवर मांडव रिकामा असायला हवा होता. तो रिकामा नव्हता, आणि मला वाटतं एखाद्या पॅव्हिलियनची परीक्षा हीच. फोटो सगळ्यांचेच चांगले येतात.

त्या दिवसापासून मी दर हंगामाला जाऊ लागले आणि असल्या वास्तूंबद्दल मिळेल ते वाचू लागले. हे सगळं ज्यावरून सुचलं तो लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीचा पॅव्हिलियन २००० साली सुरू झाला. झाहा हदीद यांनी गॅलरीच्या एका मेजवानीसाठी तंबूसारखी वास्तू केली आणि ती लोकांना इतकी आवडली की उन्हाळाभर ठेवली. पुढे दर उन्हाळ्याला नवा आर्किटेक्ट. ज्याची इंग्लंडमध्ये तोवर एकही इमारत पूर्ण झालेली नाही अशालाच बोलवायचं, हा त्यांचा नियम मला फार आवडतो. बोलावण्यापासून बांधून होईपर्यंत साधारण सहा महिने. मात्र हंगामानंतर त्या विकल्या जातात आणि बऱ्याचशा खासगी मालकांकडे जातात. त्यातून काही खर्च निघतो हे मला समजतं, तरी मन मानत नाही. लोकांनी ज्याच्या सावलीत बसायचं ते पुढच्या वर्षी कुणाच्या तरी कुंपणाच्या आत?

मेलबर्नमध्येही सगळं जमलं असं नाही. २०१७ साली रेम कूलहास आणि डेव्हिड जियानॉटेन यांनी केलेल्यात बैठकीचा एक भाग चक्क फिरवता यायचा; लोकांनी हवं तसं तोंड करून बसावं. तो नंतर मोनाश विद्यापीठात गेला. २०२३ साली तादाओ आंदो यांनी काँक्रीटचा केला. त्या भिंतींजवळ उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो, इतकी शांत जागा. पण काँक्रीटची भिंत उचलणार कशी? मुदत वाढवून तो बागेतच ठेवला. मला ती वास्तू मनापासून आवडते, आणि तरीही मांडव म्हणून ती मागायला नको होती असं वाटतं. यात मी आंदोंना बोल लावत नाही. उतरवायचं कसं हा प्रश्न आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत विचारायचा असतो, आणि तो विचारणं हे काम देणाऱ्याचं काम आहे.

आपल्याकडे काम द्यायची पद्धत मी लहानपणी ओसरीवर ऐकलेली आहे. मंडळाचे चौघे यायचे, चहा व्हायचा, आणि "नाना, गेल्या वर्षीसारखाच, फक्त दोन फूट उंच" एवढ्यात सौदा संपायचा. नाना मात्र विचारत बसायचे: बायका कुठल्या बाजूने येणार? म्हातारी माणसं कुठे टेकणार? कीर्तन आहे की ऑर्केस्ट्रा? कीर्तन असेल तर ते पत्र्याखाली कापडाचं छत ताणायचे, नाहीतर आवाज घुमतो. या प्रश्नांचे पैसे त्यांना कुणी कधी दिले नाहीत. पुण्यात, मुंबईत दर वर्षी किती मांडव उभे राहतात! मांडव घालण्याची एवढी सवय जगात फार थोड्यांना असेल. आरास ठरवायला आपण तीन-तीन महिने बसतो आणि मांडवाला तीन मिनिटं देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला तंबू ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी दोन कोटेशनं मागवली, आकडे शेजारी शेजारी मांडले आणि स्वस्तातलं घेतलं. पांढरं प्लास्टिक, चारी बाजू बंद. दुपारी आत भट्टी. चार वाजता वारा उलटला, एका बाजूची कनात निखळून फराळाच्या टेबलावर पडली. कुणाला लागलं नाही. पण आजी-आजोबा उठून झाडाखाली जाऊन बसले आणि लहान मुलींनी नाच रिकाम्या खुर्च्यांपुढे केला. एकीची आई मला काही बोलली नाही, नुसती बघून गेली. ती नजर अजून जात नाही.

यंदा कमिटीने पुन्हा मलाच विचारलंय. तीन दिवसांचा कार्यक्रम आहे, नगरपालिकेच्या बागेत. मी यावेळी कोटेशन मागवायच्या आधी एक पान लिहिलं. कोण येणार, कुठून येणार, ऊन कुठल्या बाजूचं, उत्तरेचा गरम वारा आला तर काय, पाऊस पडला तर पाणी कुठे जाणार. कार्यक्रम नसताना तिथे कोण बसेल. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत: मांडव कोण सोडणार आणि सोडल्यावर कोणती वस्तू कुणाच्या घरी जाणार. बांबूसाठी एका सामुदायिक बागेशी बोलून ठेवलंय, त्यांना घेवड्याच्या वेलांना हवा आहे. काम एका तरुण आर्किटेक्ट मुलीला द्यावं असं सुचवलंय. तिने आजवर एकही इमारत बांधलेली नाही. कमिटीतल्या एका काकांनी विचारलं, "अनुभव नाही, मग कशाला?" मी त्यांना रविवारी घरी चहाला बोलावलंय. त्यांचं म्हणणं ऐकायचंय, पण माझंही सोडणार नाही.

बिजॉय जैन यांचा मांडव हंगामानंतर मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात गेला. २०१८ साली मी लेकाला घेऊन तिथे गेले होते. बांबू करडा पडला होता. शाळेची एक सहल खाली बसून सँडविच खात होती, पिशव्या दगडावर पसरलेल्या. मी एका खांबाशी जाऊन नानांसारखाच अंगठा ठेवला आणि शेवटचं टोक शोधलं. फोटो काढून नानांना पाठवला.

रात्री त्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोटोबद्दल काहीच बोलले नाहीत. लेकाला म्हणाले, घरात झाडू आहे ना, आण, आणि तुझ्या बुटाची नाडी काढ. अर्धा तास दोघं झाडूच्या दांड्यावर गाठ मारत होते, सोडत होते, पुन्हा मारत होते.