दुनळीची किंमत

रविवार, रात्री

वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तूंच्या यादीत ‘दुनळी बंदूक, एक’ या ओळीसमोरची किमतीची जागा तीन आठवडे रिकामी आहे आणि ती भरण्याचे काम भावंडांनी माझ्यावर सोपवले आहे. आज दुपारी अखेर बंदूक टेबलावर घेतली. प्रथम ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या केल्या.

ही बंदूक इंग्रजी बनावटीची आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, कारण नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवर इंग्रजी वळणाचे एक नाव कोरलेले आहे. किंमत ठरवताना मात्र केवळ त्या नावावर विसंबता येत नाही. नळ्यांच्या पोटाकडे, एरवी झाकलेल्या जागी, कोणते ठसे आहेत ते पाहावे लागते. चाचणीगृहात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळीची चाचणी घेत आणि ती टिकली, तरच ठसा उमटवीत. इंग्लंडमध्ये लंडनचे चाचणीगृह जुने आहे, बर्मिंगहॅमचे १८१३ मध्ये स्थापन झाले. त्या दोहोंपैकी एकाचाही ठसा मला मिळाला नाही. भिंगाखाली दिसला तो एक लंबगोल, त्यात ई, एल, जी ही अक्षरे आणि माथ्यावर मुकुट. हा बेल्जियममधील लिएज शहराचा ठसा असून त्यावर मुकुट १८९३ मध्ये आला, म्हणजे आमची बंदूक त्याआधीची नाही. त्या काळात लिएजमधून असंख्य बंदुका जगभर जात आणि त्यांतील कित्येकींवर नामवंत इंग्रज कारखान्यांशी मिळतीजुळती नावे घातलेली असत. मला वाईट वाटले, ते किंमत उतरल्याचे नव्हे. वडिलांनी ते नाव किती अभिमानाने वाचून दाखवले होते, ते आठवले म्हणून.

नळ्यांवरची लाटांसारखी नक्षी मात्र खरी निघाली. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून आणि ठोकून सांधल्या, की अशी दमास्कस नळी तयार होते. साध्या नळीवर आम्लाने नुसती वरवरची नक्षी उठवण्याचीही पद्धत होती. पण आमच्या नळ्यांच्या लाकडाखालच्या, हवा न लागलेल्या भागातही पीळ तसाच दिसतो आहे. या नळ्या काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या बंदुकीच्या दारूच्या, जमान्यातल्या आहेत, त्यामुळे आजचे काडतूस त्यांत घालण्याचा विचारही कोणी करू नये; किंमतही वापराची नव्हे, जुन्या वस्तूची म्हणूनच धरायला हवी.

नळ्या बोटावर टांगून पेराने हलकेच वाजवल्या. घंटेसारखा नाद निघाला, तर मधल्या पट्टीचा डाक, म्हणजे ती जोडणारी धातूची झाळ, शाबूत समजतात. उजवी छान वाजली, डावीच्या नादात मात्र बारीक खरखर आहे. पट्टी कुठेतरी सुटली असावी आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा होईल. नळ्या पुन्हा बसवून हलवून पाहिल्या तेव्हा सांध्यात किंचित खुळखुळ जाणवली. आतून उजेडात पाहिले, तर काडतुसाच्या घरापुढे गंजाचे खड्डे आहेत. नळ्या, पुढचे लाकूड आणि मागचा लोखंडी भाग यांवरचे क्रमांक एकच आहेत, म्हणजे हे भाग मूळचे एकमेकांचेच आहेत, ही सर्वांत जमेची बाजू. स्क्रूंच्या खाचाही कोऱ्या आहेत, म्हणजे कोणा अनाडी हाताने ती खोललेली नाही.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. “दादा, जरा घासूनपुसून चकचकीत करून घेऊ, भाव चांगला येईल,” असे तो म्हणाला. मी त्याला निक्षून नाही म्हटले. नळ्यांवरचा तपकिरी थर, कुंद्यावर गालाच्या जागी लाकडाला आलेली काळसर झाक आणि झिजलेल्या कोरीवकामाच्या मऊ झालेल्या कडा यांनाच जाणकार पैसे मोजतात, आणि पॉलिशने एकदा गेलेले ते मूळपण पुन्हा कोणालाही आणता येत नाही. त्याला ते पटले की नाही कोण जाणे, पण बंदूक माझ्याकडे आहे तोवर तिला कानस लागणार नाही.

आता प्रश्न आकड्याचा. विम्यासाठी तशीच दुसरी मिळवायला काय पडेल ते धरतात, लिलावात त्या दिवशीचे दोन हौशी बोलीदार भाव ठरवतात आणि त्यातून कमिशन जाते, तर विक्रेता स्वतःचा नफा धरून त्याहून कमी देऊ करतो. वाटणीच्या यादीत विम्याचा फुगलेला आकडा लिहिणे, बंदूक ज्याच्या वाट्याला येईल त्याच्यावर अन्याय ठरेल, म्हणून मी लिलावाचा, कमिशन वजा जाता हाती येणारा आकडा धरणार आहे. तोही जाहिरातींत मागितलेल्या किमतींवरून नव्हे, तर अशाच ठशांच्या, अशाच अवस्थेतल्या आणि प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बंदुकांवरून.

यादीतली ओळ मी आज बदलली: ‘दुनळी बंदूक, एक, लिएज, १८९३ नंतरची, दमास्कस नळ्या, डाव्या बाजूची पट्टी सुटलेली असण्याची शक्यता.’ आकडा पेन्सिलीने लिहिला आहे, कारण नळ्यांच्या भिंतींची जाडी अजून मोजायची आहे आणि त्यासाठीचे माप बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकार कारागिराकडेच असते.